राजाने सारवलेली खोली

पूर्वी वेत्रवती नगरात भद्रसेन राजा राज्य करीत असताना बोधिसत्त्व तिथल्या विहारात झाडलोट करीत असे. नाव कुंडल. म्हातारा, तोंडाने फटकळ.

एकदा राजवाड्याला आग लागली. राजाची सहा वर्षांची लेक तीत गेली. राजा अन्न घेईना, डोळा मिटेना. भिक्खूंनी त्याला विहारात आणलं, आपली खोली दिली. तिथे त्याला झोप लागली. चार दिवसांसाठी आलेला राजा तीन वर्षं राहिला. मागोमाग राणीवसा आला, सेनापती आला, घोडेसुद्धा आले. भिक्खू गेले आंब्याखाली. राजाला ऊठ कोण म्हणणार?

एकच खोली उरली, खोकल्याने खंगलेल्या सोमिल या थोरल्या भिक्खूची, स्थविरांची. पावसाळा तोंडावर होता. राजा बोधिसत्त्वाला म्हणाला, "तेवढी रिकामी करून दे. शस्त्रं ठेवायचीत. तुला गाव इनाम देतो."

"अख्खं गाव घेऊन झाडू कुठवर? मला हे अंगण पुष्कळ आहे. त्यांना ऊठ म्हणायचं तर तुम्हीच म्हणा, महाराज. माझी जीभ वळायची नाही."

राजा तणतणत गेला. बघतो तर स्थविरांना आधीच कुणकुण लागलेली. गुडघ्यांवर बसून ते शेणाने जमीन सारवत होते. हात फिरवला की धाप लागत होती.

"हे काय? माझे नोकर मेले का?"

"जाणाऱ्याने खोली सारवून जायचं, महाराज. येणाऱ्याचं अंग सुखाने टेकावं. आमची रीत आहे."

राजा उंबऱ्यातच थबकला. "मी आलो तेव्हा माझी कुणी सारवली होती?"

"यांनीच," मागून बोधिसत्त्व म्हणाला. "झोपेत तुम्ही लेकीला हाका मारायचात, तेव्हा उशाशीही हेच बसायचे. तुम्हाला वाटलं, भिंतींनी झोपवलं."

राजा उंबऱ्यावर बसला. तीन वर्षांत पहिल्यांदा जागेपणी लेकीचं नाव घेऊन ढसाढसा रडला.

"कुंडला, वाड्याच्या त्या राखेत पाय कसा ठेवू रे?"

"मी येतो की झाडायला. आधी राख काढू दोघं. घर होईल सावकाश."

राजाने शेणाची पाटी उचलली, आपल्या खोलीत गेला आणि सारवायला बसला.

"वाकडंतिकडं होतंय," बोधिसत्त्व दारातून म्हणाला.

"असू दे रे," स्थविर म्हणाले. "इथे जो येईल, त्याला गाढ झोप लागेल."

पावसाआधी सगळे भिक्खू छपराखाली आले.

त्या जन्मीचा राजा म्हणजे परवा लेकीला अग्नी देऊन आपल्या विहाराच्या पायरीशी बसलेला गृहस्थ धनंजय. स्थविर म्हणजे त्याच्याजवळ काही न बोलता बसून राहिलेला भिक्खू. झाडूवाला म्हणजे स्वतः शास्ता, भगवान बुद्ध. ज्याचं जळलंय त्याला हाताला धरून परत न्यायचं, याला करुणा म्हणतात.