लांब हातांची आत्या

एक होता राजा. पण ही गोष्ट राजाची नाही बरं का. राजा बिचारा दिवसभर दरबारात बसून जांभया द्यायचा. गोष्ट आहे त्याच्या थोरल्या बहिणीची, द्वारकाबाईची. राजवाड्यात खरं राज्य तिचंच. तिच्या कमरेला किल्ल्या, हातात सुपारीचा अडकित्ता आणि बोलणं त्या अडकित्त्यासारखंच. कट्. कट्.

राजाला एक मुलगी होती, शेवंती. ती रांगत होती तेव्हाच तिची आई देवाघरी गेली. मग तिला न्हाऊ घातलं आत्याने, भरवलं आत्याने, रोज सकाळी तिची वेणी घातली तीही आत्यानेच. आत्याची वेणी कशी, तर ओळंब्याने मोजावी इतकी सरळ.

त्या गावाचं नाव चटकापूर. चैत्र लागला की अंगणात पाऊल टाकायची सोय नाही. टाकलं की बसला चटका! पण राजवाड्याच्या मागे एक लांबच लांब मातीची भिंत होती. पाडवा झाला की ती शेणामातीने सारवायची आणि गावच्या पोरांच्या ताब्यात द्यायची. मृग लागेपर्यंत भिंत पोरांची. कणकेची खळ लावायची आणि हवं ते चिकटवायचं. आंब्याच्या कोयी, कलिंगडाच्या बिया, सावरीचा कापूस, ताडाची पानं. रंगवायला पळसाची फुलं. मोठ्यांनी नुसतं बघायचं, बोट लावायचं नाही, असा पूर्वीपासूनचा रिवाज होता.

आणि उन्हं कलली की काय व्हायचं माहितीये? भिंतीवरचं सगळं जागं व्हायचं. कापसाचे ढग सावली धरायचे. पानांचे पंखे वारा घालायचे. चटकापूरचा उन्हाळा असा निघून जायचा.

मग एका चैत्रात काय झालं, शेवंतीने कोयीचा पोपट केला. कोयीला हिरवा रंग, वर मिरचीची चोच. चोच पार एका बाजूला गेलेली. संध्याकाळी तो पोपट भुर्रकन उडाला आणि शेवंतीच्या ओच्यात एक कैरी टाकून परत भिंतीवर जाऊन बसला.

दुसऱ्या दिवशी आत्या आली. तीन दिवसांवर चैत्राचं हळदीकुंकू होतं. सगळ्या सरदारणी भिंत बघायला येणार होत्या.

"शेवंते, पोपटाची चोच अशी असते का गं?"

"त्याला बाजूच्या झाडावरच्या कैरीचा वास येतोय, आत्या. म्हणून तिकडे वळलीये."

"काहीतरीच! चार बायका हसतील."

असं म्हणून आत्याने चोच धरली आणि सरळ केली. झाला पोपट देखणा. पण संध्याकाळी तो उडाला नाही. कोय ती कोयच राहिली.

दुसऱ्या दिवशी शेवंती पुन्हा खळ घेऊन बसली. मग तिने मासा केला. अंगावर कलिंगडाच्या बियांचे खवले आणि डोळे तीन. उन्हं कलली तसा मासा भिंतीवरून सळसळत पोहायला लागला. जिथून जाईल तिथली माती ओली, गार. पोरं पाठ टेकून उभी राहिली.

सकाळी आत्या पुन्हा हजर.

"आणि हा तिसरा डोळा कशाला?"

"मागून बगळा आला तर दिसायला नको?"

"पुरे झाला शहाणपणा. माशाला दोनच डोळे असतात."

आत्याने नखाने तिसरा डोळा उपटला. मासा थिजला. भिंत पुन्हा तापली.

आता तुम्ही म्हणाल, आत्या दुष्ट होती. नव्हती हो. तिच्या लहानपणी रांगोळीची रेघ वाकली की तिची आई बोटांवर पळी मारायची. मारता मारता रेघ सरळ झाली आणि चार गावांत नाव झालं. माया करायची म्हणजे चुका काढायच्या, असंच ती समजत होती. मोठ्या माणसांना हे खूळ असतंच बरं का. आपल्याला लागलेला मार ती शिदोरीसारखा जपून ठेवतात आणि पुढच्यांना वाढतात.

मग उजाडला हळदीकुंकवाचा दिवस. शेवंतीने सकाळपासून खपून एक बाई केली. वाळ्याचे केस, हिरव्या चिंधीचं लुगडं, तांदळाच्या दाण्यांची नथ. आणि हात? ताडाच्या पातीचे, लांबच लांब. एक पार अंगणातल्या झोपाळ्यापर्यंत, दुसरा विहिरीच्या बाजूला. काम झालं तशी पोर दमून आत जाऊन झोपली.

दुपारी आत्या आली. तिने नथ पाहिली नाही, लुगडं पाहिलं नाही. पाहिले फक्त हात. "अगं बाई! माणसाचे हात इतके लांब असतात का?" तिने अडकित्ता काढला. कट्. कट्. दोन्ही हात बेताचे केले आणि पाती चुलीत टाकल्या.

सरदारणी आल्या. पन्हं प्याल्या. "किती रेखीव हो!" म्हणाल्या आणि गेल्या.

मग शेवंती डोळे चोळत बाहेर आली.

"आत्या, हात कुणी कापले?"

"मीच केले नीट. काय ते ध्यान!"

"ती तूच होतीस," शेवंती म्हणाली. "तू मुदपाकखान्यात असलीस तरी तुझा हात मला झोपाळ्यावर पोचतो. म्हणून लांब केले होते."

आत्याने तेव्हा कुठे बघितलं. चिंधी तिच्याच जुन्या लुगड्याची होती.

"अगं माझे बाई..." म्हणत तिने शेवंतीला जवळ घ्यायला हात पुढे केले. हात पोचेनात! पुढे सरकली, तरी मध्ये वीतभर अंतर. आणखी पुढे, तरी वीतभर. किल्ल्यांना हात पोचत होता, पळीला पोचत होता, अडकित्त्याला पोचत होता. फक्त शेवंतीला नाही.

मग काय! आत्याने सोनार बोलावला. त्याने सोन्याचे हात घडवले, पोरांनी ते भिंतीवरच्या बाईला लावले. काही झालं नाही. सुतार बोलावला. त्याने शिसवीचे हात केले. तरी काही नाही. शेवटी आत्या शेवंतीलाच म्हणाली, "बाळा, तूच कर की पहिल्यासारखे."

शेवंतीने ताडाची पात घेतली. बाईच्या अंगाला लावून मापली. कापली. पुन्हा मापली. अगदी बेताचे दोन हात केले आणि आत्याच्या तोंडाकडे बघत विचारलं, "आता बरोबर झालं ना, आत्या?"

पोर आता सगळं बरोबर करायला लागली होती.

भिंतीवरची बाई हलली नाही.

त्या दिवशी आत्याने अडकित्ता विहिरीत टाकला. मग रोज दुपारी ती अंगणात यायची, भिंतीकडे पाठ करून बसायची आणि हात मांडीखाली दाबून धरायची. मागे पोरं काय चिकटवतात, बघायची नाही. कुणी हाक मारून विचारलं, "आत्याबाई, हे बरोबर आहे का?" तर म्हणायची, "मला काय कळतंय त्यातलं?" शेवंती सगळ्यात लांब बसायची. कोपऱ्यात गप्प. तिच्या केसांचं जंजाळ झालं होतं. दासीला ती हात लावू द्यायची नाही.

असा चैत्र गेला, वैशाख गेला. मृग उद्यावर आला. सकाळी भिंत धुऊन काढायची होती. उन्हं कलली आणि आत्याच्या खांद्यावर काहीतरी खसखसलं. तिने मान वळवली. भिंतीवरच्या बाईला एक हात आला होता. वेडावाकडा, झोपाळ्याच्याही पलीकडे गेलेला, बोटं सात. तो भिंतीतून निघून तिच्या खांद्यावर टेकला होता.

भिंतीजवळ शेवंती उभी होती, बोटांना खळ लागलेली. आत्याने भीत भीत उजवा हात पुढे केला. पोचला! शेवंतीच्या गालाला पोचला. डावा मात्र वीतभर अलीकडेच राहिला.

"एकच केलास गं?" आत्याने हळूच विचारलं.

"दुसरा करायला लागले," शेवंती म्हणाली, "पण तो कसा होता, ते आता आठवेना."

आत्याने तो एक हात तिच्या गालावर तसाच ठेवला. पोपट परत उडाला नाही. मासा परत पोहला नाही. आणि तो दुसरा हात चुलीत जळाला, तो जळालाच.

पण एका हाताने वेणी कशी घालायची? मग सकाळी दोघी बसल्या. दोन पेड शेवंतीने धरले, तिसरा आत्याने. अशी तीन हातांची वेणी झाली. डावीकडे कललेली, मधेच सुटलेली. आत्याने ती पाहिली आणि तशीच राहू दिली. पुढे शेवंती राणी झाली, तरी तिची वेणी वाकडीच असायची आणि चटकापुरात सगळ्या मुली तशीच वेणी मागायच्या. राजा जांभया देत सुखाने जगला, दोघी सुखाने राहिल्या. जेवढं उरलं होतं, तेवढ्या सुखाने.

चला, वेणी संपली, गोष्ट संपली. दिवा मालवते. भिंतीवर तुम्ही दुपारी चिकटवलेला तो पाच पायांचा हत्ती मी पाहिलाय. त्याला कुणी हात लावणार नाही. झोपा आता.