बोडक्या टेकडीची पिवळी वाट

स्पेनच्या मधल्या पठारावर सायकल घेऊन लांबच्या मोहिमेला निघालेल्या माणसाचे किल्ल्यांचे अप्रूप लवकरच ओसरते. गव्हाची शेते, ऑलिव्हच्या रांगा, पुन्हा गव्हाची शेते, आणि जरा कुठे उंचवटा दिसला की त्यावर एक किल्ला. कुठे नुसता बुरूज उरलेला, कुठे करकोच्यांनी घरटी बांधून गड सर केलेला. पण सेर्रो पेलादोच्या किल्ल्यापाशी सगळे सायकलवाले खाली उतरतात. एक तर चढच असा आहे की न उतरून सांगता कोणाला! आणि दुसरे म्हणजे ती पिवळी वाट.

सेर्रो पेलादो म्हणजे बोडकी टेकडी. नाव कोणी उगीच ठेवलेले नाही. खडक आणि वाळके गवत यांखेरीज तिच्या अंगावर काही दिसत नाही. फक्त किल्ल्याच्या दरवाजापासून खालच्या गावापर्यंत जो वळणावळणांचा रस्ता उतरतो, त्याच्या कडेने रेतामाची झुडपे उभी आहेत. रेतामा म्हणजे पाने जवळजवळ नाहीतच, नुसत्या हिरव्या काड्या. जुडी बांधली की खराटा तयार. मे महिन्यात ती फुलते तेव्हा टेकडीने पिवळे जानवे घातल्यासारखे दिसते.

किल्ल्याच्या दरवाजात तोमासा नावाची म्हातारी टोपली घेऊन बसते. टोपलीत वाळक्या शेंगांसकट रेतामाच्या काड्या असतात. उताराला लागणाऱ्या प्रत्येकाच्या सीटमागे ती एक काडी बांधते, आणि नको म्हणायची सोय नसते. मागे सांगलीहून गेलेल्या एका टोळीतल्या खराडे नावाच्या सायकलवाल्यांनी वाटाड्यामार्फत विचारलेच, "आजी, आमच्या सायकलींना उत्तम ब्रेक आहेत. ही काडी काय आवरणार?"

"तुला आवरायला नाही ती," तोमासा म्हणाली. "बस. पाणी पी. घाम वाळेपर्यंत ऐक." मग तिने सांगितले ते असे.

फार जुनी गोष्ट. या भागात सायकल नुकतीच आली होती, म्हणजे एकच आली होती आणि तीही कासिल्दा नावाच्या सुइणीकडे. कोणी परदेशी प्रवासी तापाने पडला, कासिल्दाने त्याची शुश्रूषा केली आणि जाताना तो आपली सायकल तिला देऊन गेला, असे सांगतात. या किल्ल्यापासून त्या किल्ल्यापर्यंत विखुरलेल्या वस्त्यांमध्ये ती त्या सायकलवरून बाळंतपणे करत फिरायची. लोक हसायचे. पोट दुखू लागले की मात्र हसणारेच तिची वाट बघायचे.

त्या सायकलला ब्रेक नव्हता. चाक फिरले की पायडल फिरायचेच, आणि वेग कमी करायचा तर पायांनी पायडलला उलटा जोर लावायचा. मोठ्या उतारावर तेवढ्याने भागत नसे. म्हणून त्या काळचे सायकलवाले एक जाडजूड झुडूप तोडून सायकलच्या मागे बांधत आणि ते फरफटत खाली उतरत. बोडक्या टेकडीवर झुडूप कुठले मिळायला? सगळे कोळशाच्या भट्ट्यांत जळून गेलेले. कासिल्दा इथून उतरताना सायकल हाताने धरून चालत जाई.

एकच झुडूप उरले होते. ते किल्ल्याच्या राखणदाराचे होते, फर्मिनचे.

फर्मिनची बायको यूलालिया पहिल्याच बाळंतपणात गेली होती. कासिल्दाला निरोप मिळाला होता, ती निघालीही होती, पण हा चढ चढून पोचेपर्यंत व्हायचे ते होऊन गेले. फर्मिनने बायकोला दरवाजाशेजारीच पुरले, उशाशी रेतामा लावला आणि शपथ घेतली, की मी जिवंत असेपर्यंत याच्या काडीलाही कोणाचा हात लागणार नाही. बकऱ्या हाकलत, खालून घागरी वाहून पाणी घालत त्याने तो जगवला. कासिल्दाशी तो त्यानंतर एक शब्द बोलला नाही. ती वर आली की हा पाठ फिरवून उभा. कासिल्दालाही त्याचा राग येत नसे, कारण आपण उशिरा पोचलो हे तिच्या मनातून जात नव्हते.

ऑगस्टमधली एक दुपार. वरच्या वस्तीतल्या एका धनगराच्या बायकोला मोकळी करून कासिल्दा हात धूत होती. सहज तिची नजर खालच्या गावाकडे गेली. चर्चच्या मनोऱ्यावरून लाल घोंगडे लटकत होते.

त्या घोंगड्याचा अर्थ टेकडीवर सगळ्यांना ठाऊक होता. बाळंतपण अडले, सुईण असेल तिथून या. आणि खाली त्या महिन्यात दिवस भरलेली एकच बाई होती, ती म्हणजे कासिल्दाची धाकटी बहीण रेमेदियोस. मूल पोटात आडवे आहे हे कासिल्दाने आधीच चाचपून पाहिले होते. बाहेरून हात फिरवून ते वळवावे लागणार होते, आणि ते काम पंचक्रोशीत तिच्याखेरीज कोणाला जमत नव्हते. चालत गेले तर संध्याकाळ होणार. खेचर या उन्हात उतार धरायचे नाही.

तिने सायकल दरवाजाशी आणली. मधोमध एक वळण आहे, कोपरात हात दुमडावा तसे, आणि त्याच्या पलीकडे थेट दरी. तिने एकदा त्या थडग्यावरच्या रेतामाकडे पाहिले आणि लगेच नजर काढून घेतली. मागायचे तिच्या मनातही आले नाही, म्हणे. कुठल्या तोंडाने मागणार?

तिने एक पाय सायकलवर टाकला, तोच मागून आवाज आला. "थांब!"

इतक्या वर्षांत फर्मिनचा हा पहिला शब्द. आता शिव्याशाप ऐकावे लागणार असे वाटून ती अंग चोरून उभी राहिली. म्हातारा हातात कोयता घेऊन आला होता. तिच्याकडे न बघता तो थडग्यापाशी वाकला आणि बुंध्यावर घाव घालू लागला. लाकूड चिवट होते. प्रत्येक घावाला त्याच्या तोंडून हुंकार निघत होता, आणि तो दमाचा होता की रडण्याचा हे कळत नव्हते.

"फर्मिनकाका, तुमची शपथ..."

"गप्प. घोंगडं मलाही दिसतं." त्याने कमरेचा शेला सोडला, अख्खे झुडूप सायकलच्या मागे करकचून बांधले आणि धनगरी गाठ मारली. "ही वेळेवर पोचू दे," एवढेच तो म्हणाला. ते देवाला म्हणाला की बायकोला, ते त्याचे त्यालाच माहीत.

कासिल्दा सुटली. मागे झुडूप खरखरत, धुरळा उडवत येऊ लागले. पायडलला जोर लावून पोटऱ्यांत पेटके आले, तरी पहिल्या उतारावर सायकल ताब्यात होती. जरा जास्तच ताब्यात होती. तिची नजर सारखी मनोऱ्याकडे जात होती. घोंगडे तसेच होते. मूल गेले किंवा बाई गेली की ते काढून काळे लावत. ते लाल आहे तोवर वेळ आहे, पण किती? हे झुडूप मागे खेचते आहे, हे नसते तर आपण आत्तापर्यंत निम्म्यावर असतो, असे तिला वाटू लागले. यूलालियाच्या वेळी उशीर झाला, आता सख्ख्या बहिणीच्या वेळीही होणार. तिने एक हात मागे नेला आणि गाठ ओढली. सुटेना. पुन्हा ओढली, नखे मोडली. म्हाताऱ्याची गाठ जागची हलेना. रागाने तिच्या डोळ्यांत पाणी आले.

त्याच क्षणी पायांखाली खाडकन आवाज झाला आणि पायडल हलके झाले. साखळी तुटली होती.

आता पायांनी आवरायचे काही उरलेच नाही. सायकल उधळली. समोर ते कोपराचे वळण, पलीकडे नुसते आभाळ. कासिल्दाने दोन्ही हातांनी मुठी धरल्या आणि अंगाचा सगळा भार आतल्या बाजूला टाकला. मागचे झुडूप दरीच्या कडेला जाऊन दगडांत अडकले, ताणले गेले, फांद्या कडाकड मोडल्या, आणि तेवढ्या हिसक्याने सायकल वळणातून आत फिरली. खालचा प्रत्येक उतार तिने असाच काढला. वाळक्या शेंगा तडतड फुटत होत्या, काड्या झिजत होत्या. गावच्या पहिल्याच घराशी, रेमेदियोसच्या दारात, ती सायकलसकट आडवी पडून थांबली तेव्हा शेल्याच्या टोकाला मनगटाएवढे खोड उरले होते.

मनोऱ्यावर घोंगडे अजून लाल होते.

रेमेदियोस वाचली. मूलही वळले, आणि मुलगी झाली. कासिल्दाने शेला धुऊन परत पाठवला, पण स्वतः वर जायचा तिला धीर होईना. थडगे उघडे करून आलो, ही टोचणी काही जाईना.

असे सांगतात, की तिसऱ्या वर्षी मे महिन्यात फर्मिनच खाली गावात आला. कोणी मेल्याशिवाय गावात न येणारा माणूस बघून लोक दारात जमले. त्याने कासिल्दाला हाक मारली आणि रस्त्याकडे बोट दाखवले. जिथे जिथे झुडूप फरफटले होते, तिथे तिथे शेंगांमधले बी पडून रुजले होते. थडग्यापासून रेमेदियोसच्या दारापर्यंत, एकही वळण न चुकता, पिवळे फूल आले होते.

"लग्न होऊन वर आली, तेव्हापासून तिला खालची जत्रा बघायची होती," फर्मिन म्हणाला. "मी आज नेतो, उद्या नेतो म्हणत राहिलो. मेल्यावरही तिला वर एकटीलाच धरून बसलो. तू तिला खाली आणलीस, पोरी."

कासिल्दा त्याच्या खांद्यावर डोके टेकून रडली. मग रेमेदियोसने आपली मुलगी त्याच्या कडेवर दिली आणि तिचे नाव सांगितले. यूलालिया.

ती यूलालिया तोमासाची आजी, असे गावात म्हणतात. तोमासाला विचारले तर ती हो म्हणत नाही आणि नाहीही म्हणत नाही. ती काडीची गाठ मारते, आणि ती गाठ खाली पोचेपर्यंत सुटत नाही, एवढे मात्र खरे.

खराड्यांनी सीटमागची गाठ एकदा ओढून पाहिली. सांगलीची टोळी एकामागून एक उताराला लागली आणि कोपराच्या वळणावर प्रत्येकाचा हात आपोआप ब्रेकवर गेला.

दुष्काळात, वणव्यात वाटेवरची झुडपे मरतात. म्हणूनच आजही बोडक्या टेकडीवरून काडी बांधल्याशिवाय कोणी उतरत नाही. उतरताना शेंगा तडकतात, बी कडेला पडते. आणि आजही खालच्या जत्रेत, मे महिन्यात, चौकातली एक खुर्ची रिकामी ठेवतात. वरून कोणीतरी यायचे असते.