मुजरा कुणाला?

काळवणगडाला वेढा पडला, तेव्हा महादरवाजा धरून मेला तो राहीबाईचा नवरा, हैबती नाईक. त्याच्या छातीवरचे नऊ घाव तिनं स्वतःच्या हातानं धुतले होते.

वीस वर्षांनी गडाचे सरदार विसाजीराव यांनी त्या वेढ्यावर नाटक करवलं. त्यात हैबती लाच खाऊन दरवाजा उघडतो आणि सरदारांचे वडील एकट्यानं गड राखतात.

खेळ संपला. गडाचा रिवाज असा, की खेळातल्या वीराच्या वारसाला सगळ्यांनी रांगेनं मुजरा करायचा. विसाजीरावांपुढे राहीबाईची पाळी आली, तशी ती ताठ उभी राहिली.

“सरकार, माझ्या धन्याला फितूर का केलंत?”

विसाजीराव हसले. “अगं बाई, नाटक आहे ते! नाटकात कसलं आलंय खरं नि खोटं?”

“असं होय? मग मी चुकीच्या रांगेत उभी राहिले.”

ती वळली. सरदारांच्या वडिलांचं सोंग घेतलेला नट बाजूला तोंडाचा रंग पुसत होता. त्याच्यापुढे ती कमरेत वाकली.

“नाटकातला गड तुम्ही राखलात, बाबा. मुजरा तुम्हाला.”

मग मागच्या रांगेतला एकेक माणूस नटाकडे वळला. मुजरा घ्यायला उचललेला सरदारांचा हात तसाच राहिला.