न पडणारी माणसं

फार पूर्वी, डोंगरापलीकडच्या एका राज्यात एक सेविका होती. म्हाताऱ्या माणसांची शुश्रूषा करण्यात तिचा जन्म गेला, आणि ही गोष्ट घडली तेव्हा ती फार म्हणजे फारच दमलेली होती.

ज्यांना घरी सांभाळणारं कुणी नाही, अशा म्हाताऱ्यांसाठी तिथल्या राजानं गावोगावी निवारे बांधले होते. राजा मनाचा चांगला. म्हातारी माणसं पडतात, हाडं मोडून घेतात, हे ऐकून त्याला वाईट वाटायचं. म्हणून त्यानं दवंडी पिटवली, "ज्या निवाऱ्यात वर्षभर कुणी पडणार नाही, त्याच्या कारभाऱ्याला मानाचा शेला!"

झालं! कारभाऱ्यांनी सोपी युक्ती काढली. मऊ सुती पट्टे आणले आणि म्हाताऱ्यांना खाटांना बांधून टाकलं. रोग रेड्याला अन् औषध पखालीला! कुणी पडेना, आणि शेले मात्र दरवर्षी सगळ्यांना.

तरुणपणी सेविकेनंही पट्टे बांधले होते. एक आजी रोज आपल्या पायांनी विहिरीपर्यंत जायची. तिला बांधलं. तीन महिन्यांनी पट्टा सोडला, तर तिला उभंच राहता येईना. "पोरी, माझे पाय कुठं गेले गं?" आजीनं विचारलं. ती गाठ सेविकेनंच मारली होती.

त्या दिवसापासून तिनं एक वही ठेवली. तीस वर्षं ती निवाऱ्यानिवाऱ्यांत हिंडली. कोण बांधलेलं, कोण चालतं, कुणाचे पाय गेले, कोण कशानं पडलं, सगळं टिपत गेली. कुठं फरशी ओली असायची, कुठं वहाण ढिली. "बांधू नका, चालवा," असं दरबारात सांगून सांगून तिचा घसा बसला. पालथ्या घड्यावर पाणी! केस पिकले, गुडघे कुरकुरायला लागले. कधी कधी तिला वाटायचं, पुरे झालं बाई, आता आपणच एखादी खाट धरावी.

शेवटी राजाच कंटाळला. म्हणाला, "बाई, एक निवारा घे आणि वर्षभर तुझ्या पद्धतीनं चालव. मग मी स्वतः येऊन वही बघेन. पटलं तर पट्टे सोडू. नाही पटलं, तर हा विषय पुन्हा काढायचा नाही."

सेविकेनं पट्टे सोडले. फरशी कोरडी ठेवली, धरायला भिंतीला बांबू लावले, रोज सकाळी एकेकाला हात देऊन चालवलं. सुरुवातीला म्हातारे थरथरत आणि तिलाच शिव्या देत. मग हळूहळू पाय आले. कुणी भाजी निवडायला बसलं. दोन आज्यांची तर उन्हातल्या जागेवरून कडाक्याची भांडणं होऊ लागली. ती ऐकून सेविकेला कोण आनंद व्हायचा!

अकरा महिने बरे गेले, बारावाही सरत आला. राजा यायला चार दिवस उरले, आणि घात झाला. निवाऱ्याचं फाटक कुरकुरत होतं. तिथं राहणाऱ्या म्हाताऱ्या सुतारबाबांना ते ऐकवेना. तेलाची वाटी घेऊन ते एका दगडावर चढले, पाय सटकला आणि मनगट मोडलं.

त्या निवाऱ्याचा कारभारी धावत आला. "बाई, हातातोंडाशी आलेला घास गेला! वहीत लिहू नका. बाबांना चार दिवस मागच्या खोलीत ठेवू. तुमच्या तीस वर्षांची माती होईल हो!"

खरं सांगायचं तर सेविकेला ते पटत होतं. एवढंसं खोटं, आणि शेकडो माणसं खाटांवरून सुटतील. पण तिनं वही उघडली, तेव्हा तिला इतर निवाऱ्यांतल्या, कोण पडलं ते लिहायच्या सरकारी वह्या आठवल्या. कोऱ्या करकरीत. "त्यांनी पट्ट्यांखाली माणसं झाकली. मीही एक झाकू?" असं म्हणून तिनं लिहिलं, 'सुतारबाबा फाटकाला तेल घालताना पडले. उजवं मनगट मोडलं. तो दगड मी आधीच हलवायला हवा होता.'

राजा आला. त्यानं वही वाचली आणि त्याचा चेहरा उतरला. "इतर कुठंही कुणी पडलं नाही. तुझ्याकडेच पडलं. मग तुझं खरं कसं मानू?"

सेविकेनं वही मिटली. तीस वर्षं बोलून बोलून ती थकली होती.

तेवढ्यात गळ्यात हात बांधलेले सुतारबाबा आपल्या पायांनी चालत पुढं आले. "महाराज, पडायला आधी उभं राहावं लागतं. गेल्या साली मी कुठं पडलो होतो? बांधलेला होतो ना!" मग जरा थांबून म्हणाले, "आणि येताना फाटक कुरकुरलं का?"

"नाही," राजा म्हणाला.

"मग झालं तर!"

राजानं मागं वळून फाटकाकडं पाहिलं. मग त्यानं शेल्याची प्रथा बंद केली आणि पाच निवाऱ्यांतले पट्टे सोडायला सांगितले. उरलेल्यांचं पुढं बघू, म्हणाला.

पाचच! सेविका पायरीवर मटकन बसली. म्हणजे पुन्हा हिंडणं आलं, पुन्हा वही आली. तिचे डोळे भरले.

"दमलीस ना, पोरी?" सुतारबाबांनी विचारलं.

"फार दमले, बाबा."

बाबांनी आपला धड असलेला डावा हात पुढं केला. "ऊठ. फाटकापर्यंत जाऊन येऊ." आणि तिला धरून ते सावकाश चालू लागले.

तात्पर्य: माणूस पडू नये म्हणून त्याला बांधणं ही आपली सोय, तो चालावा म्हणून हात देणं ही त्याची काळजी.