रांगेत बसलेली उपरणी

सह्याद्रीच्या माथ्यावर तांबडखिंड नावाचं एक गाव होतं. गावाबाहेर, ओढ्याच्या पलीकडे, एक वेदपाठशाळा होती. तिथे रंगशास्त्री नावाचे गुरुजी मुलांना वेद शिकवत. माणूस मोठा विद्वान. सगळी संहिता तोंडपाठ. पण एखादी खोड दिल्याशिवाय देव कुणाला खाली धाडत नाही, आणि शास्त्रीबुवांची खोड म्हणजे कपडे.

स्वतः नटायची हौस होती असं नव्हे हो! त्यांचा कटाक्ष होता तो पोरांच्या कपड्यांवर. पाठशाळेत शिवलेलं वस्त्र चालायचं नाही. कमरेला पांढरा पंचा, खांद्यावर पांढरं उपरणं, संपलं. सुई लागलेलं कापड सोवळ्यात चालत नाही, हे खरंच आहे. पूजेला बसताना आपल्याकडे पुष्कळ जण ते पाळतात. पण पूजेपुरतं पाळणं वेगळं आणि पौषाच्या थंडीत, घाटमाथ्यावर, लहान लहान पोरांना दिवसरात्र पाळायला लावणं वेगळं. मुलांनी घरून आणलेल्या बंड्या, कानटोप्या पहिल्याच दिवशी कोपऱ्यातल्या पेटाऱ्यात जायच्या. गोधडीला टाके असतात, म्हणून गोधड्याही तिथेच. पेटाऱ्याला कुलूप आणि त्याची किल्ली शास्त्रीबुवांच्या जानव्याला.

रोज सकाळी मुलं आंघोळ करून आपापल्या पाटावर बसली की शास्त्रीबुवा रांगेतून फिरत. पंच्याच्या निऱ्या बघत. उपरण्याचं टोक किती खाली आलंय ते बघत. त्यांची नजर मानेच्या वर कधी जातच नसे. पोरांची नावंही त्यांना ठाऊक नव्हती. हाक मारायची ती पाटावरून: "ए पहिल्या पाटा, निरी सुटलीय." "तिसऱ्या पाटा, नीट बस." आता पाटाला का कधी थंडी वाजते?

तर हा तिसरा पाट म्हणजे धुंडिराज. घाटाखालून आलेलं किडकिडीत पोर. त्याच्या आईनं आपल्या जुन्या लुगड्याची त्याला एक बंडी शिवून दिली होती. पहिल्या दिवशी ती काही त्यानं पेटाऱ्यात टाकली नाही. लपवून ठेवली. थंडी हाडात शिरायला लागली तशी तो ती उपरण्याच्या आत घालू लागला. वर उपरणं घट्ट गुंडाळून घ्यायचा.

पण चोरी लपते, खोकला लपत नाही. एके दिवशी धुंडू खोकला, उपरणं घसरलं आणि बंडीची बाही बाहेर आली.

शास्त्रीबुवांनी ती बाही दोन बोटांत धरली. "हे काय?"

"बंडी आहे, गुरुजी. थंडी वाजते."

"पाठशाळेत एक वेळ अक्षर चुकलं तर मी पोटात घालीन. टाका दिसलेला खपवून घेणार नाही. काढ ती."

धुंडूनं मान खाली घातली आणि दोन्ही हातांनी बंडी धरून ठेवली. ती काही तो सोडीना.

"बरं तर," शास्त्रीबुवा म्हणाले. "मग पाठशाळेचं वस्त्र उतरवून ठेव आणि चालता हो. इथं वस्त्राला जागा आहे, तुझ्या हट्टाला नाही."

धुंडूनं उपरणं आणि पंचा काढून घडी करून पाटावर ठेवला. लंगोटी आणि बंडी एवढ्यावर तो बाहेर पडला. घर घाटाखाली, अंगात ताप भरलेला. जाणार कुठे? तो पाठशाळेच्या मागच्या गोठ्यात शिरला आणि गाईच्या पोटाशी जाऊन पडला.

दुसऱ्या दिवशी मुलं पाटांवर बसली आणि सगळ्यांची बोबडीच वळली. तिसऱ्या पाटावर धुंडूचं उपरणं बसलं होतं.

घडी मोडली होती. उपरणं खांद्यावरून नीट उतरलं होतं, पण खांदा नव्हता. पंच्यानं मांडी घातली होती, पण आत पाय नव्हते. मान असायची तिथे मागच्या भिंतीतला कोनाडा दिसत होता.

शास्त्रीबुवा रांगेतून फिरले. तिसऱ्या पाटापाशी थांबले आणि प्रसन्न झाले. "आलास ना ताळ्यावर! बघा रे, बघा. उपरणं कसं बसलंय बघा, एक सुरकुती नाही. शिका जरा याच्याकडून."

शेजारच्या पाटावर नरहरी नावाचा मुलगा होता, धुंडूचा जिवलग. तो कसाबसा म्हणाला, "गुरुजी, त्यात धुंडू नाहीये हो!"

"त्यात म्हणजे कशात? दुसऱ्याच्या वस्त्रात काय आहे नि काय नाही ते बघायला कुणी सांगितलंय तुला? स्वतःचं टोक लोंबतंय, ते सावर."

नरहरीनं टोक सावरलं. तेवढ्यात शेजारचं उपरणं किंचित त्याच्याकडे वळलं. झालं! नरहरी ओरडत उठला. तो उठला, पण त्याचं उपरणं उठलं नाही. ते अंगावरून सुटलं आणि पाटावर तसंच ताठ बसून राहिलं. पंचाही उठला नाही. नरहरी लंगोटीवर धावत सुटला तो थेट गोठ्यात.

मग कोण थांबतंय तिथे? कुणी त्याच दिवशी पळालं, कुणी दुसऱ्या दिवशी. आणि जो उठला त्याचे कपडे मागे बसून राहिले. शेवटी सगळी पोरं गोठ्यात आणि सगळी उपरणी पाठशाळेत अशी वाटणी झाली.

आणि शास्त्रीबुवा? अहो, ते तर खूश! इतकी शिस्त त्यांनी जन्मात पाहिली नव्हती. कुणी चुळबुळत नव्हतं, कुणी शिंकत नव्हतं. संथा देण्याची रीत तुम्हांला सांगतो: गुरूनं एकदा म्हणायचं, शिष्यांनी तेच दोनदा म्हणायचं. शास्त्रीबुवा एकदा म्हणत आणि रांगेतून दोनदा परत येई, एकही स्वर न हलता. अगदी शास्त्रीबुवांच्याच आवाजात. त्यांना वाटलं, वा! इतक्या वर्षांनी पोरांचे उच्चार माझ्यासारखे झाले.

इकडे गोठ्यात धुंडूचा ताप उतरेना. पाठशाळेत स्वयंपाक करणाऱ्या गोदाक्कांनी आपलं घोंगडं आणून त्याच्यावर घातलं, बाकीच्या पोरांना गोणपाटं दिली. गावातल्या वैद्यांना बोलावलं. वैद्यांनी छातीला कान लावला आणि मान हलवली. "ऊब द्या याला. भरपूर ऊब द्या. घोंगड्यानं भागायचं नाही. आज अंगात ऊब आली नाही तर पोर हाती लागत नाही, आक्का."

गोधड्या सगळ्या पेटाऱ्यात. पेटारा पाठशाळेत, त्या बसलेल्या कपड्यांच्या मागे. आत पाऊल टाकायची गोदाक्कांची छाती होईना. त्या दारातच उभ्या राहिल्या आणि शास्त्रीबुवा बाहेर येताच हात जोडून म्हणाल्या, "शास्त्रीबुवा, पेटाऱ्याची किल्ली द्या. एक पोर थंडीनं जातंय."

"कुठलं पोर?"

"तुमचंच. सगळी पोरं गोठ्यात आहेत."

"काय बडबडता, आक्का! पोरं आत रांगेत बसलीत. मी आत्ताच संथा देऊन उठलो. कुणी कुडकुडताना दिसतंय का तुम्हांला?"

गोदाक्कांनी शास्त्रीबुवांच्या खांद्यावरून आत पाहिलं आणि पदर तोंडाला लावला. "मग गोठ्यात कोण आहेत?"

"असतील कुणी परगावची." असं म्हणून शास्त्रीबुवा पुन्हा आत गेले.

त्या दिवशी थंडीनं शास्त्रीबुवांचाही घसा धरला होता. ऋचा म्हणता म्हणता मध्येच त्यांना खोकला आला. ते एकदा खोकले.

सगळी रांग दोनदा खोकली. त्यांच्याच आवाजात.

शास्त्रीबुवा थांबले. त्यांनी मान वर केली. इतक्या वर्षांत पहिल्यांदाच त्यांनी आपल्या शिष्यांची तोंडं पाहायला नजर उचलली. तोंडं नव्हतीच. प्रत्येक उपरण्याच्या वर मागची भिंत होती. पुढे होऊन त्यांनी तिसऱ्या पाटावरच्या उपरण्यात हात घातला. हात आत गेला आणि पाठीकडून बाहेर आला. आत गार होतं, विहिरीत हात घालावा तसं.

"कोण आहे?" शास्त्रीबुवा किंचाळले.

"कोण आहे? कोण आहे?" रांग म्हणाली.

"पोरं कुठायत माझी?"

"पोरं कुठायत माझी? पोरं कुठायत माझी?"

त्यांना रामनाम घ्यावंसं वाटलं. पण तेही त्या आवाजात परत येईल या भीतीनं त्यांनी ओठ आवळून धरले. मग त्यांना गोदाक्कांचे शब्द आठवले. एक पोर थंडीनं जातंय. किल्ली त्यांच्या जानव्याला होती. पेटारा कोपऱ्यात होता. मध्ये ती रांग.

शास्त्रीबुवा अंग चोरत तिच्यातून निघाले. ज्या उपरण्यापाशी ते यायचे, ते उपरणं त्यांच्याकडे वळायचं. निऱ्या पाहायचं, टोक पाहायचं, जसं ते रोज पाहत आले होते अगदी तसंच. शास्त्रीबुवांचे दात वाजत होते, पण ते थांबले नाहीत. कुलूप काढलं, हाताला लागल्या तेवढ्या गोधड्या छातीशी धरल्या. सोवळ्याचं भान राहिलं नाही. तसेच पळत सुटले.

गोठ्यात पोरंच पोरं. कुणी गोणपाटात, कुणी पेंढ्यात. शास्त्रीबुवा दारात उभे राहिले आणि एकेका तोंडाकडे पाहू लागले. एकही तोंड त्यांना ओळखता येईना. यांना वर्षभर शिकवलं आपण! त्यांना रडूच फुटलं.

"तिसरा पाट..." त्यांनी सुरुवात केली आणि जीभ चावली. "तो बंडीवाला मुलगा कुठाय रे?"

नरहरी म्हणाला, "गुरुजी, तुमच्या पुढ्यातच आहे की. त्याचं नाव धुंडिराज."

घोंगड्याखाली धुंडू पडला होता. डोळे अर्धे उघडे, ओठ निळे पडलेले. आवाज ऐकून त्यानं डोळे वर केले. समोर गुरुजी. त्याच्या तोंडावर अशी काही भीती आली की गोदाक्कांनी दुसरीकडे पाहिलं. धुंडू बंडीचे बंद सोडायला लागला.

"काढतो, गुरुजी. काढतो."

"नको रे बाळा! राहू दे, राहू दे!" शास्त्रीबुवांनी मटकन बसून त्याचे हात धरले. पण तापात त्याला ऐकू कुठलं जायला? तो आपला म्हणतोय, "काढतो, काढतो." शास्त्रीबुवा एक बंद बांधायचे, तो दुसरा सोडायचा. शेवटी त्यांनी त्याला बंडीसकट पोटाशी घेतलं, वरून गोधड्यांवर गोधड्या घातल्या आणि हलले नाहीत. मुलंही दोन्ही बाजूंनी बिलगून बसली. दिवस मावळायच्या सुमारास धुंडूला घाम फुटला. वैद्यांनी नाडी पाहिली आणि ते म्हणाले, "जगेल."

मुलं भीतभीत पाठशाळेत गेली तेव्हा उपरणी पाटांवर नुसती पडलेली होती. कापडासारखं कापड. पुढे पाठशाळा पुन्हा भरली. पूजेला पंचा-उपरणं आणि एरवी ज्याला जे ऊब देईल ते, असं ठरलं. शास्त्रीबुवांनी सगळ्यांची नावं पाठ केली. हाक मारताना ते आधी तोंडाकडे बघत आणि मग बोलत.

धुंडू पुढे मोठा घनपाठी झाला, वेदपठणाचा सगळ्यात अवघड पाठ मुखोद्गत असलेला. शास्त्रीबुवांवर त्याचा राग नव्हता. त्यांच्या म्हातारपणी त्यानं त्यांची सेवाही केली. पण अखेरपर्यंत एक गोष्ट काही गेली नाही. शास्त्रीबुवा कधी अचानक समोर आले की तो बोलता बोलता थांबायचा आणि त्याचा हात आपोआप छातीवरच्या बंदाकडे जायचा. दर वेळी शास्त्रीबुवा म्हणायचे, "राहू दे, धुंडिराज." आणि धुंडिराज म्हणायचा, "हो, गुरुजी." पण हात तिथेच असायचा.

तात्पर्य: ज्याला शिकवायचं त्याचं तोंड आधी पाहावं, वस्त्र मागाहून. नियम चुकला तर तो बदलता येतो. पोराच्या मनात बसलेली भीती मात्र बदलता येत नाही.