कासाराची दमणी

खूप खूप जुनी गोष्ट हां! इतकी जुनी की तेव्हा बैलसुद्धा बोलायचे, आणि माणसं चक्क ऐकायची.

तर एका राज्यात एक कासार होता. डोक्यावर टोपली घेऊन पायी गावोगाव जायचा, बायकांना बांगड्या भरायचा. मस्त चाललं होतं. पण एकदा जत्रेत त्यानं दमणी बघितली. दमणी म्हणजे हलकी, पळणारी, काय ती नखरेल बैलगाडी! झालं, जीव अडकला. बैलजोडी घरचीच होती. गाड्यांच्या मालकीणबाईंकडून त्यानं दमणी हप्त्यावर उचलली.

आता तुम्हीच सांगा, काचेच्या बांगड्या घेऊन कुणी दमणी पळवतं का? हा पळवायचा! बाजारात पोचेपर्यंत निम्म्या मालाचा चुरा. तीन पौर्णिमा गेल्या, तीन हप्ते थकले.

त्या राज्यात एक रीत होती, आणि रीत कसली, फजितीच ती. हप्ते थकले की मालकीणबाईंची माणसं यायची आणि गाडी भर बाजारातून उलटी ओढत न्यायची. पुढं ढोल! वर ढोलवाल्यांची मजुरी त्याच बिचाऱ्याच्या नावावर.

पैशाचं एक वेळ जाऊ दे. कासाराला खरी भीती वेगळीच होती. बांगड्या भरताना बाई आपला हात त्याच्या हातात द्यायची, ती विश्वासावर. ज्याच्या नावानं ढोल वाजला, त्याच्यापुढं कोण हात करणार?

म्हणून पठ्ठ्यानं दमणी कडब्याच्या गंजीत लपवली. स्वतःही अधूनमधून तिथंच लपायचा.

बायको म्हणाली, "अहो, काल मांजर बघून गंजीत शिरलात तुम्ही!"

"मला वाटलं ढोलवाले आले गं!"

गोठ्यातला म्हातारा बैल रवंथ करायचा थांबला. "धनी, एक विचारू? ही गाडी आपल्याकडं राहणार आहे का?"

"कसली राहतेय रे!"

"मग कुणी ओढून न्यायची वाट का बघायची? आपणच सोडून येऊ. अन् खरं सांगू? उलटं चालायला मला जमत नाही."

कासाराला इतकं हसू आलं, इतकं हसू आलं, की भीतीच पळाली! सकाळी त्यानं दमणी धुतली, चाकांना वंगण घातलं, स्वतःचं सामान काढून घेतलं, आणि निघाला थेट बाजारातून. सरळ, ताठ बसून.

"काय कासारदादा, कुठं?" तेली ओरडला.

"गाडी परत द्यायला! झेपत नाही मला!"

"हौस फिटली म्हणा की!"

"हौस फिटली राव, हप्ते तेवढे फिटायचेत!"

अख्खा बाजार हसला. पण गंमत बघा, कासारही त्यांच्यातच हसत होता.

मालकीणबाई दारात येऊन बघतच राहिल्या. "माझे केस पिकले रे, पण आपल्या पायानं आलेला तू पहिलाच!" गाडी धडधाकट होती. दुपारीच एका नवरदेवाच्या बापानं ती चांगल्या किमतीला घेतली, अन् ते पैसे कासाराच्या देण्यातून वजा झाले. ढोलाचा खर्च तर वाचलाच. "तरी चाळीस नाणी उरतात हां," बाई म्हणाल्या, "ती काही सोडणार नाही मी."

"सोडा कोण म्हणतंय, आक्का? दर बाजाराला दोन देतो. फक्त गाडी मिळाली आणि एवढंच उरलं, असं लिहून द्या."

"शहाणा झालास की!" असं म्हणून बाईंनी लगेच लिहून दिलं.

पुढच्या बाजारी कासार टोपली मांडून बसला. बायका लांबून बघायच्या, कुजबुजायच्या, पुढं जायच्या. ऊन डोक्यावर आलं, तरी भवानी नाही. तेवढ्यात पाटलीणबाई आल्या, सगळ्या पंचक्रोशीत चिकित्सक म्हणून प्रसिद्ध! त्या पुढ्यात बसल्या आणि त्यांनी हात पुढं केला.

"भर बाबा. कबूल करायला जो लाजला नाही, तो मला तडकलेली बांगडी देणार नाही."

मग काय, बायकांची ही झुंबड! संध्याकाळी टोपली रिकामी, आणि दोन नाणी मालकीणबाईंच्या हातात.

म्हणून सांगतो मंडळी: जे जाणारच आहे, ते लपवू नका, स्वतःच नेऊन द्या, वस्तू जाते, पण पत राहते.