पोपटी मोटार आणि ताडपत्री

जपतो म्हणता म्हणता तुम्ही कितीजणांना नुसतं झाकून ठेवलंत!

मोटारींना जीभ होती त्या काळी एका गोदामात उघड्या टपाची, पोपटी रंगाची जुनी मोटार होती. ताडपत्रीने तिला वर्षानुवर्षं पोटाशी धरलं होतं. मग देवयानीने रविवारी भटकायला म्हणून ती मोटार विकत घेतली, पुढे लिंबू-मिरची बांधली आणि ताडपत्रीची घडी मागच्या सीटवर टाकली.

घाट लागला तशी ताडपत्री कळवळली, "पोरी, रंग उडेल, गंज चढेल. एका खेपेत भंगारात जाशील. मला पांघरू दे."

"भीती मलाही वाटते, मावशी," मोटार धापा टाकत म्हणाली. "पण गंज तुझ्याखालीही चढतच होता."

माथ्यावर पोचताच एक ढग सरळ खाली उतरला आणि देवयानीच्या शेजारी येऊन बसला. मोटारीला झाकायला ताडपत्रीने घाईने एक पदर उलगडला, पण ढगाचा गारवा अंगाला लागला आणि ती तशीच वर बघत राहिली. गोदामाच्या पत्र्याखाली जन्म गेलेला. आभाळ एवढं मोठं असतं हे तिला ठाऊकच नव्हतं.

पुढे टांगलेलं लिंबू मिरचीला हळूच म्हणालं, "दृष्ट अडवायला बांधलंय मला, पण आज माझीच लागायची."